पाण्यावरचा नाताळ

नाताळ हा शब्द आपल्या भाषेत पायी चालत आलेला नाही. तो पोर्तुगिजांच्या गलबतांतून आला, वसई-साष्टीच्या किनाऱ्यावर उतरला, तेथे मराठी झाला आणि मग कोठे घाट चढून देशावर व वऱ्हाडात पोहोचला. पोळा, पाडवा, संक्रांत या शब्दांना मातीचा वास आहे. नाताळाला मात्र डांबराचा आणि ओल्या दोरखंडाचा वास यायला हवा. पण इतकी शतके हा शब्द आपण घरातल्या घरात वापरीत आलो, की त्याचा तो मूळ वास पार उडून गेला. आज नाताळ म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहते ते घर : अंगणातला गोठा, दारावरची चांदणी, चुलीवरची कढई, मध्यरात्रीच्या मिस्साहून परतणारी माणसे. जो घरी नाही त्याचा नाताळ अपुरा, हे आपण गृहीतच धरून चाललो आहोत.

हे गृहीतक एकदा तपासून पाहावे, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. कारण या शब्दाचा इतिहासच त्याच्याविरुद्ध साक्ष देतो. १४९७ च्या डिसेंबरात वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याने वर सरकत होती. नाताळ आला तेव्हा माणसे जहाजावरच होती. समोरच्या किनाऱ्याला त्यांनी 'नाताळ' हेच नाव दिले, आणि दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताळ या प्रांताच्या नावात ते अद्याप टिकून आहे. त्या सफरीची रोजनिशी लिहिणाऱ्याने लगेच पुढे आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. पिण्याचे पाणी संपत आले, माणशी पाण्याचे माप घटवावे लागले आणि स्वयंपाक समुद्राच्या खाऱ्या पाण्यात करावा लागला. ज्यांनी आपल्याला 'नाताळ' हा शब्द दिला, त्यांचे सणाचे दिवस असे खारट गेले होते.

हे आम्ही दर्यापुरात बसून लिहीत आहोत, याचे किनाऱ्यावरच्या वाचकांना हसू येईल. गावाच्या नावात दर्या आहे, पण खरा दर्या येथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. सोळाव्या शतकात वऱ्हाडच्या इमादशाही घराण्यात दर्या इमादशहा नावाचा सुलतान होऊन गेला. गावाची पाटी वाचताना इतिहासाच्या अभ्यासकाला त्याची आठवण होते, कोळ्याला मात्र बुचकळ्यात पडल्यासारखे होते. गावाजवळून वाहते ती चंद्रभागा, आणि तीही पुढे पूर्णेला मिळून जाते. तरीपण खाऱ्या पाण्याशी आमच्या गावाची ओळख वसईच्या कोळीवाड्याइतकीच घट्ट आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांच्या पोटात पाणी आहे, पण ते तोंडात धरवत नाही. विहीर खोदावी, पाणी लागावे आणि घोट घेताच थुंकून टाकावा, हा अनुभव आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचा आहे. गोडे पाणी येते ते सातपुड्याच्या बाजूने, शहानूर धरणातून, नळाने. आणि ते येण्याच्या वेळेवर घरातल्या बाईचा दिवस बेतलेला असतो. सभोवार पाणी आणि पिण्यास नाही, ही गलबतावरची स्थिती. त्या अर्थाने आमचे गाव गेली कित्येक शतके नांगर टाकून उभेच आहे म्हणा ना.

तेव्हा प्रश्न असा. जो मनुष्य नाताळाच्या दिवसांत पाण्यावर राहतो, मग तो मासेमारीच्या होडीवरचा खलाशी असो, मालवाहू जहाजावरचा इंजिनिअर असो, की हौसेने नौकेवर संसार थाटलेला कोणी असो, त्याने आनंद करावा काय, आणि केला तर तो कशाचा? प्रश्न वरवर सोपा दिसतो. करावा, का करू नये, असे कोणीही म्हणेल. परंतु जमिनीवर आपण ज्याला सण म्हणतो त्याची पहिली अट काम थांबणे ही आहे. शेतकरी औत सोडतो, दुकानदार फळी लावतो, शाळेला सुट्टी मिळते. होडीवर काम थांबत नाही. थांबले की होडी थांबते असेही नव्हे. ती भलतीकडे जाते, आणि कधी कधी तळाशी जाते. जेथे काम खाली ठेवताच येत नाही, तेथे सण कोठे ठेवायचा?

आधी तारखेचेच पाहू. मॅगेलनच्या सफरीतील 'व्हिक्टोरिया' हे जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून परतताना ९ जुलै १५२२ रोजी केप व्हर्देच्या बेटावर पोहोचले. जहाजावर त्या दिवशी बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, आज गुरुवार. अंतोनियो पिगाफेत्ता याने तर एक दिवसही न चुकता रोजनिशी लिहिली होती. तो चक्रावून गेला. चूक कोणाचीच नव्हती. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेकडे प्रवास केल्यामुळे एक आख्खा दिवस त्यांच्या आयुष्यातून निसटला होता. म्हणजे वाटेत कधीतरी त्यांचे सण, त्यांचे शुक्रवार, त्यांचे रविवार हे घरच्या लोकांच्या सणांपासून सुटून वेगळे पडले असणार, आणि ते त्यांच्या गावीही नव्हते. आज तारीख बदलण्याची रेषा नकाशावर आखलेली आहे. डिसेंबरच्या अखेरीस ती पूर्वेकडे ओलांडणाऱ्या जहाजाला पंचवीस तारीख दोनदा मिळू शकते आणि पश्चिमेकडे जाणाऱ्याला ती मुळीच मिळत नाही, असेही घडू शकते. ज्याच्या पंचांगातून नाताळच गळून पडला त्याच्या वाट्याचा तारणारा जन्मला नाही, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. सणाला दिवस लागतो हे खरे. पण तो दिवस माणसे मिळून ठरवतात.

ख्रिस्तसभेला ही अडचण फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पूर्वीच्या काळी जहाज हेलकावत असताना पवित्र प्याला सांडेल या भयाने समुद्रावर एक वेगळ्याच प्रकारची मिस्सा म्हटली जाई. तिला 'नाविकांची मिस्सा' म्हणत. तीत वाचन असे, प्रार्थना असत, धर्मगुरूचा झगाही असे. पण अर्पण आणि ख्रिस्तशरीराची प्रतिष्ठापना नसे. भाकरीवाचूनची पंगत, असे तिचे कोणी वर्णन केले तर त्यात फारसे वावगे नाही. पंडितांनी तिची थट्टा केली, आणि पुढे ती मागे पडली. आम्हांस मात्र त्या खलाशांचे कौतुक वाटते. मिळत नाही ते मिळाल्याचे सोंग त्यांनी केले नाही, आणि मिळत नाही म्हणून पाठही फिरवली नाही. आजचा धर्मनियमही, जेथे धर्मगुरू मिळत नाही तेथे एकेकट्याने किंवा कुटुंबाने वा गटाने प्रार्थनेत वेळ घालवावा, एवढेच सुचवतो. अशक्य ते कोणाच्याही माथी मारलेले नाही.

पण आम्हांस खरी गाठ वाटते ती पहाऱ्याची. १४९२ च्या नाताळाच्या आदल्या रात्री कोलंबसचे 'सान्ता मारिया' हैतीच्या किनाऱ्याजवळून चालले होते. समुद्र अगदी शांत होता. दोन दिवस डोळ्याला डोळा न लागलेला कोलंबस रात्री आडवा झाला. सुकाणूवरच्या माणसानेही, सारे शांत आहे असे पाहून, सुकाणू एका पोरसवदा खलाशाच्या हाती दिले आणि तो झोपी गेला. पोराच्या हाती सुकाणू देऊ नये, हा कोलंबसचा सफरभर कडक नियम होता. प्रवाहाने जहाज हळूच खडकावर नेऊन ठेवले. नाताळाच्या दिवशी जहाज गेले. त्याच्या लाकडातून किनाऱ्यावर एक गढी उभारली, तिला 'ला नाविदाद', म्हणजे नाताळ, हेच नाव दिले आणि एकोणचाळीस माणसे तेथे मागे ठेवली. पुढच्या वर्षी कोलंबस परतला तेव्हा त्यांतले एकही जिवंत नव्हते.

या हकिकतीत आम्हांस टोचते ते हे, की त्या रात्री कोणीही दुष्टपणा केला नाही. सारे दमले होते आणि रात्र सुंदर होती. प्रत्येकाने आपला पहारा आपल्याहून धाकट्याच्या गळ्यात टाकला, इतकेच. शेवटी जो सर्वांत लहान आणि सर्वांत अडाणी, तो एकटा जागा राहिला. सणाच्या रात्री आपल्या घरांतूनही हेच होत नाही काय? सर्वांत शेवटी भांडी घासायला कोण राहते, ते पाहावे.

जहाजावर पहारा चार चार तासांचा असतो. चार तास काम, आठ तास विसावा, पुन्हा चार तास. पंचवीस तारखेलाही हे चक्र तसेच फिरते. मात्र जहाजावर नोकरी करणारी माणसे एक गोष्ट आवर्जून सांगतात. त्या दिवशी ख्रिस्ती खलाशाचा पहारा एखादा हिंदू किंवा मुसलमान सोबती आपण होऊन घेतो, आणि दिवाळीला वा ईदला त्याची फेड होते. त्या चार तासांत जो आनंद मिळतो तो काम थांबल्यामुळे मिळालेला नसतो. काम चालूच असते. ते दुसऱ्याने उचललेले असते, एवढाच फरक. आमच्या मते सणाची ही व्याख्या जमिनीवरच्या व्याख्येहून अधिक खरी आहे, कारण जमिनीवरही काम वस्तुतः थांबत नाही, ते आपल्या दृष्टीआड जाते. नाताळाच्या रात्री दर्यापूरच्या एसटी आगारात चालक झोपलेला असतो, कारण पहाटे त्याला गाडी काढायची असते. इस्पितळात परिचारिका असते. डिसेंबरात आमच्याकडे कापसाची वेचणी चालू असते, आणि वेचणाऱ्या बाईला मजुरी किलोवर मिळते. तिने एक दिवस घरी बसून सण केला तर तो तिच्याच पदरातून होतो. बेथलेहेमच्या मेंढपाळांना देवदूताने बातमी सांगितली ती ते रात्रपाळीवर असताना. शुभवर्तमानाने हे साधेपणाने सांगितले आहे. आम्ही मात्र प्रवचनांतून मेंढपाळांचे दारिद्र्य तेवढे वर्णन करतो आणि ते कामावर होते ही गोष्ट सोडून देतो. ते गोठ्याकडे गेले तेव्हा मेंढरांजवळ कोण थांबले, हे लूकने लिहिलेले नाही. कोणीतरी थांबले असेलच.

आता दुसऱ्या बाजूने पाहू, म्हणजे घराच्या बाजूने. आमच्या वऱ्हाडातली मुलेही हल्ली मालवाहू जहाजांवर जातात. ज्याने अठरा वर्षांपर्यंत पूर्णेच्या पुराखेरीज पाणी पाहिले नाही तो मुलगा सहा सहा, आठ आठ महिने समुद्रावर राहतो, ही या पिढीतली नवलाई आहे. अशाच एका घरी आगमनकाळात आम्ही गेलो असता त्या मुलाची आई म्हणाली, "फादर, पोरगं तिकडं पान्यावर, अन् आमी अठी करंज्या तयाच्या का?" तिच्या प्रश्नात रुसवा नव्हता, तो खरोखरीचा नैतिक प्रश्न होता. जो आपला आहे तो सणाला मुकला असता आपण सण करणे ही त्याच्याशी प्रतारणा तर नव्हे? आपल्याकडे घरात सुतक असले तर सण करीत नाहीत. तिने जणू मुलाच्या गैरहजेरीचे सुतक पाळले होते.

संत थॉमस अक्विनास यांनी आनंदाला प्रीतीचे फळ म्हटले आहे. ज्याच्यावर प्रीती आहे त्याचे सान्निध्य लाभले, किंवा तो जेथे असेल तेथे त्याचे कुशल आहे हे कळले, की आनंद होतो. त्याच प्रीतीतून, तो दूर असला किंवा त्याचे बरे नसले तर, दुःखही होते. म्हणजे त्या आईचे दुःख खोटे नव्हते, तेही प्रीतीचेच. पण थॉमस यांच्या विचारात दुसरा दुवाही आहे, आणि तो आम्ही तिला आमच्या शब्दांत सांगण्याचा प्रयत्न केला : मुलगा कुशल आहे, हे जर आनंदाला पुरेसे कारण असेल, तर तो समोर नसणे हे त्या आनंदाच्या आड येऊ नये. तिला हे फारसे पटले असे दिसले नाही. तिचा प्रश्न सोडवला तो मुलानेच. फोनवर त्याने म्हटले, "माय, तू करंज्या तय. वास नाई येत, पन फोटो तं दिसते." घरी सण झालाच नाही तर आठवण तरी कशाची काढायची, हे त्याचे म्हणणे. दूर असलेल्याला ज्याला मुकता येईल असे काहीतरी घरी चालू राहायला हवे. सेमिनरीतल्या वर्गात हा युक्तिवाद आम्हांस कोणी शिकवला नव्हता.

तेव्हा घरच्यांनी सण करावा हे एक झाले. पाण्यावरच्याने करावा काय? येथे आम्ही दोन प्रकारच्या माणसांत भेद करतो, आणि तो न केल्यामुळे या विषयावर पुष्कळ गोडगोड लिहिले जाते असे आम्हांस वाटते.

पहिला प्रकार आपल्या इच्छेने पाण्यावर गेलेल्यांचा. भारतीय नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली 'म्हादेई' या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्यामागून त्याच नौकेतून अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले ते कोठेही न थांबता मार्च २०१३ अखेर परतले. त्यांचा २०१२ चा नाताळ दक्षिणेकडील महासागरात एकट्याने गेला. आणि पुढे 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत, जेथे उपग्रहावरून वाट दाखवणारी यंत्रे वापरण्यास मनाई आहे, २०२२ चाही नाताळ तसाच गेला. 'तारिणी' या नौकेवरच्या नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७ चा नाताळ न्यूझीलंड आणि फॉकलंड बेटे यांमधल्या प्रशांत महासागरात काढला. इंग्लंडातल्या कालव्यांवर अरुंद होड्यांत बाराही महिने राहणारे हजारो लोक आहेत. जेमतेम सात फूट रुंदीचे ते घर. ज्यांच्याकडे कायमचा बांधण्याचा धक्का नाही त्यांनी एका जागी सलग चौदा दिवसांहून अधिक राहू नये, असा तेथील १९९५ चा कायदा आहे. हिवाळ्यात कालव्याची दारे दुरुस्तीसाठी बंद होतात, तेव्हा होड्या अडकून पडतात. मग शेगडीत कोळसा, खिडकीत दिवा, आणि टाकीतले पाणी व बॅटरीतली वीज मोजून वापरणे. अशा घरात येणारी प्रत्येक वस्तू जागा खाते, म्हणून देणग्यांचा ढीग होत नाही. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या बाईला या संसाराचे हिशेब समजावून सांगावे लागणार नाहीत. तिला फक्त कोळशाची शेगडी नवीन वाटेल.

या साऱ्यांच्या बाबतीत आमचे म्हणणे थोडके आहे. त्यांनी आनंद करावा, आणि तो त्यांना होतोही. एकटेपणा त्यांनी पत्करला आहे. परतीचे दार उघडे आहे, किंवा निदान त्यांनी ते आपल्या हाताने लोटून घेतले आहे. अशा माणसाची किनाऱ्यावरून कीव करणे हा किनाऱ्यावरच्यांचा अहंकार होय.

दुसऱ्या प्रकारच्या माणसांविषयी मात्र हेच वाक्य उच्चारायला आमची जीभ धजत नाही. २०२० सालच्या महामारीत जगभरातले सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले होते, कारण कोणताही देश त्यांना आपल्या किनाऱ्यावर उतरू देईना. त्यांतले एकोणचाळीस भारतीय आपल्या विशेष स्मरणात असतील. 'जग आनंद' या जहाजावर तेवीस आणि 'अनास्तासिया'वर सोळा. दोन्ही जहाजांवर ऑस्ट्रेलियाचा कोळसा होता. एक जूनपासून आणि दुसरे सप्टेंबरपासून चीनच्या बंदरांबाहेर नांगर टाकून उभे होते. माल उतरवू दिला जात नव्हता आणि खलाशी बदलण्यासही परवानगी मिळत नव्हती. किनारा जवळ, पण पाय ठेवता येत नाही. तो नाताळ त्यांनी तेथेच काढला. पहिल्या जहाजावरची माणसे जानेवारी २०२१ मध्ये जपानमार्गे सुटली, दुसऱ्यावरची फेब्रुवारीत. ज्या जहाजाच्या नावातच आनंद होता त्यावरच्या माणसांना, बाबांनो, नाताळाचा आनंद करा, असा संदेश पाठवणे शक्य होते. कोणी पाठवलाही असेल. असल्या संदेशाला आम्ही धर्म म्हणणार नाही. परतीचे दार दुसऱ्याने बंद केले असता आत अडकलेल्याकडून हास्याची अपेक्षा करणे, हा त्या दाराला आपलीही एक कडी घालण्याचा प्रकार आहे. खलाशांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००६ सालचा आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यात विश्रांतीचे तास आणि घरी परत पाठवण्याची जबाबदारी हे दोन्ही आले. आम्हांस हा कागद नाताळाच्या गीतांइतकाच ख्रिस्ती वाटतो. ख्रिस्तसभेची खलाशांसाठी झटणारी जी शाखा १९२० साली ग्लासगोत सुरू झाली आणि आज 'स्टेला मारिस', म्हणजे सागराची तारका, या नावाने ओळखली जाते, तिचे सेवकही जहाजावर गीते गाण्याआधी पगार मिळाला का, घरी बोलणे झाले का, हे विचारतात. क्रम बरोबर आहे.

संत पौलाचा जलप्रवास प्रेषितांच्या कृत्यांत सत्ताविसाव्या अध्यायात आला आहे. हिवाळ्याच्या तोंडावर निघू नका, असे त्याने बजावले असूनही जहाज निघाले आणि वादळात सापडले. चौदाव्या रात्री पौलाने सर्वांसमक्ष भाकर घेतली, देवाचे आभार मानले, ती मोडली आणि तो खाऊ लागला. जहाजावर दोनशे शहात्तर माणसे होती : कैदी, शिपाई, खलाशी, व्यापारी. सर्वांना धीर आला आणि सर्वांनी खाल्ले. बुडत्या जहाजावरच्या या जेवणावर पुष्कळ चिंतने लिहिली गेली आहेत. परंतु त्याच्या अगदी आधी काय घडले तिकडे सहसा लक्ष जात नाही. नांगर टाकण्याचे निमित्त करून खलाशी छोटी होडी पाण्यात सोडीत होते. इतरांना जहाजावर ठेवून पळून जाण्याचा त्यांचा बेत होता. पौलाने ते ओळखले आणि शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले. भाकर मोडली गेली ती त्यानंतर. आता कोणीही कोणाला मागे ठेवून किनाऱ्याला जाऊ शकत नव्हता. त्या जेवणाचा आनंद खरा ठरला तो, आमच्या समजुतीप्रमाणे, त्या कापलेल्या दोरामुळे.

वाचकहो, हे वाचून झाले की दृष्टी आपोआप आपल्याच किनाऱ्याकडे वळते. वसई, अर्नाळा, उत्तन येथील ख्रिस्ती कोळी बांधवांचा नाताळ मोठा देखणा असतो. पण त्यांची एक अडचण आम्हां घाटावरच्यांना सहसा कळत नाही. डोल जाळे समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात. ते ओढावे लागत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच त्याच्या तोंडातून मासळी आत लोटतो. म्हणून पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमाराचे उधाण हे डोलीचे सुगीचे दिवस, आणि अष्टमीच्या सुमाराची भांग हे प्रवाह मंदावण्याचे. नाताळ सूर्याच्या पंचांगाने येतो, मासळी चंद्राच्या. २०२४ साली पंचवीस डिसेंबरच्या दोनच दिवस आधी कृष्णपक्षातला अर्धा चंद्र होता, भांग होती, त्या वर्षी घरी राहायला फारसे मोल पडले नसेल. २०१५ साली मात्र पंचवीस तारखेलाच पौर्णिमा होती, १९७७ नंतर प्रथमच. ऐन उधाणात बोंबलावर पाणी सोडून मिस्साला उभे राहायचे, तर त्याची किंमत रुपयांत मोजावी लागते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच; पुढे ऑगस्टपासून जे मिळेल त्यावर वर्ष काढायचे. अशा वेळी होडी किनाऱ्याला आणणारा नाखवा आमच्या आदरास पात्र आहे. न आणणाऱ्यालाही आम्ही दोष देणार नाही. डिझेलचे कर्ज प्रवचनाने फिटत नाही.

आमचा प्रश्न तिसऱ्याच माणसाविषयी आहे. होडी आली, नांगर पडला, नाखवा आणि तांडेल छोट्या होडीने घरी गेले. मोठी होडी रात्रभर एकटी सोडता येत नाही. यंत्र असते, जाळी असतात, दोर तुटण्याची धास्ती असते. तेव्हा एक-दोन खलाशी होडीवरच राहतात. हल्ली हे खलाशी डहाणू-तलासरीकडचे आदिवासी असतात, किंवा दूरच्या कोठल्या तरी राज्यातले, बहुधा ख्रिस्ती नसलेले. म्हणजे ज्या रात्री आपण सारे घरी असतो त्या रात्री पाण्यावर राहून नाताळ काढणारा माणूस बहुतेक वेळा तो असतो, ज्याचा हा सणच नव्हे. किनाऱ्यावरची रोषणाई त्याला दिसते, घंटा ऐकू येते, बँडचे सूर पाण्यावरून पोहोचतात. तो आपला पहारा आपल्यासाठी देत असतो. मालवाहू जहाजावरचा सोबती पहारा घेतो तेव्हा दिवाळीला त्याची फेड ठरलेली असते. या खलाशाची फेड कोणत्या दिवशी होते? दिवाळीला त्याला गावी जायला सुट्टी आणि भाडे मिळते काय? होळीला, जो आदिवासी बांधवांचा मोठा सण, होडी कोण सांभाळते?

काही घरांतून त्या रात्री डबा होडीवर जातो, हे आम्हांस ठाऊक आहे. फुगे असतात, मटण असते, केकही असतो. ते चांगलेच आहे, पण डबा पोहोचवून परत येणे आणि पहारा बदलणे यांत अंतर आहे. घरातल्या एखाद्या तरुणाने मिस्सा आटोपल्यावर दोन तास होडीवर जाऊन बसावे आणि खलाशाला किनाऱ्यावर पाठवावे, त्याने पंगतीला बसावे, गोठा पाहावा, घरच्यांशी निवांत बोलावे, हे अशक्य आहे काय? तरुण म्हणेल, नाताळाच्या रात्रीच का? मित्र जमले आहेत, नाच आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. पण होडीवर त्याने काय गमावले असते, याचा विचार त्याने एकदा तरी करावा. थंडी असते, पाणी फळ्यांवर चपचप वाजत असते, चांदण्या शहरातल्याहून अधिक दिसतात. कोणी सांगावे, नाताळ हा शब्द जेथून आला तेथेच त्याला तो सापडायचा.

पंचवीस डिसेंबरला पौर्णिमा यानंतर २०३४ साली आहे. त्या दिवशी उधाण असणार, डोली भरणार, आणि होड्या आणायच्या की नाहीत हा प्रश्न कोळीवाड्यांत पुन्हा निघणार. तो प्रश्न ज्या बैठकीत निघेल तिच्यात खलाशांपैकीही कोणी बसलेला असावा, आणि त्या रात्रीचे पहारे कोणाकोणाचे, हे तेथेच, सर्वांसमक्ष, ठरवले जावे.